आबांचं म्हातारपण

काहीजण म्हणतात की विनोदी मालिकेत सगळं लेखकाचं, नटाला फारसं काम नसतं. मला अजिबात पटलं नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. २००१ साली अल्फा मराठीवर (आताच्या झी मराठीवर) सुरू झाली. मालिका ज्यावर बेतली ती 'अनुदिनी' मुळात लिहिली दिलीप प्रभावळकरांनी, आणि मालिकेतले आजोबा, म्हणजे आबाही तेच झाले. तेव्हा त्यांनी साठीसुद्धा गाठली नव्हती! तरी शब्द चघळत बोलणं, नातू शिऱ्या काहीतरी बरळला की उत्तराआधी घेतलेला तो क्षणभराचा थांबा... हे कुठल्या संहितेत लिहिता येतं का? आणि मालिका साप्ताहिक होती, हेही महत्त्वाचं. रोज एक भाग काढायचा म्हटलं की लेखकाला आणि नटाला असा थांबा सापडायला उसंतच मिळत नाही.