मॉडेल रेल्वेच्या (छोट्या प्रतिकृती गाड्यांच्या) डिजिटल नियंत्रकाचा वेग-नॉब बिघडला आहे

प्रश्न: नॉब सावकाश फिरवला तरी वेगाचा आकडा मागेपुढे उड्या मारतो, इंजिन बदलूनही तेच घडते. दोष कुठे शोधावा?

उत्तर १: म्हणजे डिकोडर (नियंत्रकाचे आदेश वाचणारा इंजिनातील भाग) निर्दोष दिसतो. नॉब कुठेही न अडता गोल फिरत असेल, तर तो रोटरी एन्कोडर, म्हणजे फिरवण्याचे विद्युत सिग्नल बनवणारा भाग आहे. त्याच्या दोन संपर्कांचे सिग्नल कोणत्या क्रमाने बदलतात यावरून नियंत्रक दिशा ओळखतो आणि संपर्क मळले की हा क्रमच बिघडतो.

उत्तर २: वीजपुरवठा तोडून कॉन्टॅक्ट क्लीनर (विद्युत संपर्क साफ करणारा फवारा) थोडासा फवारावा, नॉब दोन्ही दिशांना पुष्कळदा फिरवावा व पूर्ण वाळू द्यावा. वंगणाचे तेल मात्र कृपया वापरू नका, त्यावर धूळ चिकटते.

प्रश्नकर्ता: नॉब अखंड फिरतो. सफाईने सुधारणा झाली, तरी अधूनमधून आकडे गळतात.

उत्तर १: मग संपर्क झिजले असावेत. नवा एन्कोडर घेताना एका फेरीतील पल्सची (विद्युत ठोक्यांची) संख्या आणि पिनांची रचना जुळवून पाहावी.