पवई तलाव: जलपर्णी दरवर्षी काढूनही परत येते, आग्रह नेमका कशाचा धरावा?

काठावरचा_वाचक

पवई तलाव मुळात माणसाने केलेला. बांध घालून पाणी अडवलं, १८९० साली काम पूर्ण झालं. पालिकेच्या आकड्यांनुसार पाणलोट ६.६१ चौ. किमी, तलाव भरल्यावर पाण्याखाली २.२३ चौ. किमी, साठा ५४५.५ कोटी लिटर. पाणी पिण्याजोगं नाही, ते उद्योगांना आणि आरे दुग्ध वसाहतीला जातं. ओसंडलेलं मिठी नदीत.

दरवर्षी यंत्रं लावून जलपर्णी काढतात आणि ती परत पसरते. आमच्या परिसरातल्या काही सोसायट्या मिळून वॉर्ड ऑफिसला निवेदन देणार आहेत. बैठकीत तीन सूचना आल्या: यंत्रं वाढवा, कारंजी किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) बसवा, जिवाणूंचं द्रावण सोडा. यातलं काय मागावं? आणि रहिवाशांना स्वतः काही मोजता येईल का?

सांडवा

तिन्हींपैकी एकही पहिली मागणी नको. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, त्यामुळे हिशोब तिथून सुरू करा.

शहरी सांडपाण्यात लिटरमागे साधारण ५ मिग्रॅ फॉस्फरस धरा. रोज १० लाख लिटर सांडपाणी तलावात आलं, तर रोज ५ किलो फॉस्फरस आला, वर्षाला १,८२५ किलो. तो सगळा भरलेल्या तलावात मिसळला असं मानलं तर लिटरमागे ०.३३ मिग्रॅ होतो. तलाव अतिपोषित व्हायला, म्हणजे शेवाळ-जलपर्णी माजण्याइतकं खत पाण्यात साठायला, ०.०३ ते ०.०४ मिग्रॅ पुरतो. काही भाग गाळात बसेल, काही पावसाळ्यात सांडव्यावरून जाईल, तरी दहापटीचं अंतर त्याने भरून निघत नाही.

आता काढणीची बाजू बघा. ताज्या जलपर्णीत ९५ टक्के पाणी. एक टन काढली की कोरडा माल ५० किलो आणि त्यात फॉस्फरस जेमतेम पाव किलो. म्हणजे रोजच्या १० लाख लिटर सांडपाण्याची बरोबरी करायला रोज किमान २० टन जलपर्णी उचलावी लागेल, रविवार धरून बारा महिने. नाले तसेच ठेवून यंत्रं वाढवणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं.

नालेमोजणी

मोजता येतं, आणि निवेदनाला खरी धार त्यानेच येईल. मार्च ते मे या काळात मोजा. तेव्हा पाऊस नसतो, त्यामुळे नाल्यात जे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच असतं.

तलावाला मिळण्याच्या बऱ्याच आधी नाल्याचा १० मीटरचा सरळ, स्वच्छ तुकडा निवडा. रुंदी मोजा, खोली तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. संत्रं किंवा लिंबू सोडून १० मीटरला किती सेकंद लागतात ते पाच वेळा बघा. रुंदी × खोली × वेग × ०.८५ हा प्रवाह. ०.८५ ने गुणायचं कारण पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं. उदाहरणार्थ रुंदी ०.६ मीटर, खोली ०.१ मीटर, २५ सेकंद: सेकंदाला साधारण २० लिटर, दिवसाला साडेसतरा लाख लिटर. इतका किरकोळ दिसणारा नाला एवढं आणतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

एकाच वेळेचं माप मात्र फसवं. सकाळी ७ ते ९ ला प्रवाह सर्वात जास्त, पहाटे ३ च्या सुमारास सर्वात कमी. दोन्ही घ्या आणि दुपारचंही एक. पाणी फुटलेल्या जलवाहिनीचं असेल अशी शंका काढली जाईलच, म्हणून अमोनियाची चाचणी करा: सांडपाण्यात तो भरपूर असतो, नळाच्या पाण्यात जवळजवळ नसतो. मत्स्यालयाच्या दुकानातला किट पुरतो, हवं तर नमुना दहापट पातळ करून.

तलावातला विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी मोजा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा छान येतो आणि मासे पहाटे मरतात. ऑक्सिजन लिटरमागे ४ मिग्रॅच्या खाली गेला की माशांसाठी धोका. मीटर नसेल तर ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता नमुना भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड (ऑक्सिजन आहे तसा बांधून ठेवणारी रसायनं) जागेवरच घाला, मग प्रयोगशाळेत न्या. साध्या बाटलीतून तासाभराने नेलेल्या नमुन्याला अर्थ नाही. आणि तलावाच्या पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. नमुना बोटीतून किंवा बांधावरून दोरीने घ्या.

काठावरचा_वाचक

धन्यवाद, हे फार उपयोगी आहे. मग एरेटर आणि जिवाणू पूर्णच सोडून द्यायचे का?

सांडवा

जिवाणू सेंद्रिय घाण खातात, बीओडी (ती घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) उतरतो, वासही कमी होतो. पण फॉस्फरस कुठे उडून जात नाही. तो जिवाणूंच्या शरीरात, गाळात, पुन्हा पाण्यात फिरत राहतो. कारंजं तर आसपासचं वरचं पाणीच हलवतं. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटतो, म्हणून नाले बंद झाल्यावरही काही वर्षं जलपर्णी येत राहील. तळापर्यंत हवा देणारे एरेटर तेव्हा उपयोगी पडतील, आधी नाहीत.

निवेदनात एक गोष्ट ठळक लिहा: प्रक्रिया केंद्र होणार असेल तर त्यात फॉस्फरस काढण्याची सोय आहे का? नेहमीचं केंद्र बीओडी छान उतरवतं, फॉस्फरस बराचसा तसाच सोडतं. त्यापेक्षा सांडपाणी मलवाहिनीत वळवून पाणलोटाबाहेर नेणं केव्हाही बरं.

पाणवनस्पती

काढणी लागणारच, फक्त ती नीट व्हावी. चार गोष्टी सांभाळा.

फुलं येण्याआधी काढा. बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं. नुसती कापणारी यंत्रं लावू नका, तुटलेल्या प्रत्येक फुटव्याचं नवं झाड होतं. पाणी स्वच्छ केलेल्या भागाला तरंगता अडथळा बांधा, नाहीतर वाऱ्याने पुढचा थर तिथेच येऊन बसतो. आणि काढलेला ढीग काठावर ठेवू देऊ नका. कंत्राटांत घोळ नेमका इथे होतो: पहिल्या पावसात ढिगातला रस परत तलावात. उताराच्या पलीकडे दोन-तीन दिवस निथळू दिलं की वजन बरंच उतरतं आणि वाहतूक स्वस्त पडते. पैसे ओल्या टनावर द्यायचे ठरले तर निथळायला कोणी ठेवणार नाही, तेव्हा मोजमाप क्षेत्रफळावर ठेवायला सांगा.

तणनाशक नकोच. उभी जलपर्णी जागेवर सडली की उरलासुरला ऑक्सिजनही जातो.

मगरवाट

वेळापत्रकाबद्दल एक भर. मगर मातीच्या उतरत्या काठावर खड्डा करून साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालते, पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. या काळात पोकलेन काठावरून चालवू नये, काम पाण्यातूनच व्हावं आणि आधी वन विभागाकडून जागा तपासून घ्यावी. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

काठ बांधून 'सुशोभित' करण्याची मागणी कोणी निवेदनात घुसवली तर ती काढा. इथल्याच सायकल ट्रॅकचं काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवलं आणि झालेलं बांधकाम हटवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. दगडी भिंत घातली की मगरीला वर यायला उतार राहत नाही.

नालेमोजणी

निवेदनाला प्रत्येक नाल्याचा वेगळा कागद जोडा: जागा, तारीख, तीन वेळांचे प्रवाह, अमोनिया, फोटो. 'तलाव प्रदूषित आहे' या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं. अमुक पुलाखालचा नाला दिवसाला इतके लाख लिटर आणतो, याला संबंधित अभियंत्याला नाव घालून उत्तर द्यावं लागतं.