अनुभव धागा: गावच्या शाळेसाठी तुमच्या गावानं काय केलं?

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. यंदा पहिल्या दिवशी मी गावी होतो, आर्वी तालुक्यात. मी शिकलो ती जिल्हा परिषद शाळा. आमच्या वेळी चौथीपर्यंतची पोरं व्हरांड्यातही बसायची. आता पट १७.

आम्ही माजी विद्यार्थ्यांनी तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही आणि दोन कॉम्प्युटर दिले होते. नारळ फोडला, फोटो काढले, पुण्या-नागपूरला परतलो. या वेळी मुख्याध्यापक बाईंनी कपाट उघडलं तर टीव्ही आत उभा, कडेचा थर्माकोलही निघालेला नाही. बिल थकलं म्हणून वीज कापलेली. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये अनुदान मिळतं. खडू, रजिस्टर, रंग, दुरुस्ती, बिल, सगळं त्यातच. मी विचारलं, "बाई, तेव्हाच का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही टीव्ही घेऊनच आले होते. मले कोणी विचारलं कुठं?"

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. म्हणून हा धागा. कोणी काय केलं ते लिहा. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. गावाचं, शाळेचं, संस्थेचं नाव नको, तालुका पुरे. पैसे किती लागले, हिशोब कोणी ठेवला आणि दुसऱ्या वर्षी ते काम चालू होतं का, एवढं मात्र सांगा.

घाटंजी, शिक्षिका

आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग रिकामा होतो. कापूस फुटतो आणि आया वेचणीला जातात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून बाई उजाडायच्या आधी निघते आणि अंधार पडता येते. घरी लहान लेकरू असतं. अंगणवाडी दुपारी सुटते. पुढे त्याला सांभाळायला कोण, तर चौथी-पाचवीतली बहीण.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात फार चलाख. नोव्हेंबरात आठवडाभर आली नाही म्हणून मी घरी गेले. ती भावाला कडेवर घेऊन दारात उभी. म्हणाली, "मॅडम, लहान्याले कोण पाहीन?" रविवारी ती स्वतःही वेचायला जायची. वाळलेल्या बोंडाची टोकं फार बोचरी असतात. तिच्या नखांच्या कडेला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. पेन्सिल धरायची तर ती बोटाच्या पेरानं धरायची, टोकानं नाही. मी आधी तिला अक्षर बिघडलं म्हणून रागावले होते. ते मला अजून लागतं.

गावात महिला बचत गट होते. तालुक्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या ताई आल्या तेव्हा मी त्यांना दप्तरं मागितली नाहीत, हे सांगितलं. त्या चार बैठका नुसत्या ऐकत बसल्या. मग ठरलं असं: अंगणवाडी सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत गटातल्या दोन वयस्क बायका समाजमंदिरात लहान लेकरं सांभाळतील. त्यांचं मानधन संस्था देईल, मुरमुरे-फुटाणे गट देईल, चटया ग्रामपंचायत देईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. एवढंच.

आता तिसरं वर्ष आहे. त्या पहिल्या हंगामात माझ्या २३ पैकी ९ जण नेहमी गैरहजर असायचे, गेल्या हंगामात दोघं. ती मुलगी सातवीत आहे. पैशाचं विचाराल तर एका टीव्हीच्या किमतीत आमचे दोन हंगाम निघतात.

धारणी, गावातलाच, शाळेत मदतनीस होतो

मी कोरकू आदिवासी. आमची बोली मराठीच्या घरातली नाही, तिचं कुळच वेगळं, मुंडा भाषांचं. पहिलीतलं पोरगं शाळेत येतं तेव्हा त्याला मराठी म्हणजे बाजारातले चार शब्द माहीत असतात. मी संस्थेकडून वर्गात बसायला लागलो तेव्हा सर चित्रं दाखवत होते. माठातल्या पाण्याचं चित्र आलं. एक पोरगी पटकन म्हणाली, "डा!" सर म्हणाले, "नाही. पाणी." ती बसली ती दिवसभर बोलली नाही. आमच्या भाषेत पाण्याला डा म्हणतात. तिनं बरोबर सांगितलं होतं.

सर चांगले होते, बदलून लांबून आले होते, त्यांना तरी कसं कळणार? मी त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून फळ्यावर दोन रकाने. एकीकडे पोरं सांगतील तो कोरकू शब्द, दुसरीकडे मराठी. दोन्ही देवनागरीत. सर पोरांकडून शब्द शिकायचे, चुकले की पोरं हसायची आणि सांगायची. तिसऱ्या महिन्यात ती पोरगी गोष्ट सांगायला उभी राहिली, अर्धी कोरकू, अर्धी मराठी.

संस्थेचा निधी दोन वर्षांनी संपला आणि माझं मानधन थांबलं. सरांची बदली झाली. नवीन मॅडम आल्यात, त्या विचारतात तेव्हा जाऊन येतो, पण आता मला मजुरीलाही जावं लागतं. फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहिलं. काम फसलं नव्हतं.

अर्जुनी मोरगाव, युवक मंडळ

आमची झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भ. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की नाटकांचा हंगाम सुरू. गावचं मंडळ वडशाची नाटक कंपनी ठरवते, मंडप टाकते, तिकीट लावते, रात्रभर नाटक चालते. खर्च वजा जाता उरलं ते मंडळाचं. दरवर्षी त्या पैशावर भांडण ठरलेलं.

एका वर्षी शाळेच्या मॅडमनी मंडळाच्या बैठकीत येऊन सांगितलं की मुलींचं संडास बांधलेलं आहे, पण पाणी नाही. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येत नाहीत. बैठकीत सगळी पुरुष माणसंच होती. खाली मान घालून बसली. त्या वर्षीचे ३१ हजार शाळेला दिले. ग्रामपंचायतीच्या टाकीपासून पाइप, वर लहान टाकी, तोट्या, दाराला कडी. कडी मॅडमनी आवर्जून सांगितली होती.

हिशोब आमच्या कोषाध्यक्षानं शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगानं लिहिला. पाइप किती फूट, तोटी कितीची, मिस्त्रीची मजुरी किती. येणारा-जाणारा वाचतो. तेव्हापासून पैशावर भांडण नाही. दरवर्षी एक रकाना वाढतो.

हिंगणघाट, निवृत्त एसटी कर्मचारी

थोडक्यात लिहितो. सरकारच्या मानव विकास योजनेतल्या एसटीच्या निळ्या बसगाड्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी आहेत. आमच्या गावची गाडी शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी निघून जायची. मुली शेवटचा तास सोडायच्या किंवा चार किलोमीटर पायी. शाळेनं वेळापत्रक, गावानं ठराव आणि मुलींनी सह्यांचं पत्र दिलं. मी स्वतः तीनदा डेपोत जाऊन बसलो. वेळ बदलली. खर्च शून्य. कोणीतरी जाऊन बसावं लागतं.

कारंजा, शिक्षक

आमच्याकडे शहरातून एक मंडळी आली होती. दहाची वेळ दिली, एकला आले. मार्चचं ऊन. पोरं पटांगणात रांगेत, पोषण आहार थंड झाला. ६० दप्तरं वाटली, प्रत्येकावर संस्थेचं नाव पाठभर. एका मुलाचे वडील त्याच महिन्यात गेले होते, त्यांनी शेतात औषध घेतलं होतं. त्या मुलाला त्यांनी पुढे बोलावून माइकवर त्याची कहाणी सांगितली. तो दप्तराकडे नाही, जमिनीकडे पाहत होता. त्याला मी पुढे जाऊ दिलं, ही माझीही चूक आहे.

दुसऱ्या दिवशी तो दप्तर न घेता आला. वह्या पिशवीत. मी काही विचारलं नाही. देणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, मुलांना रांगेत उभं करू नका. मुख्याध्यापकांकडे द्या, ते वाटतील. यवतमाळ, वाशीम, अमरावती, कुठल्याही वर्गात असं एखादं लेकरू असू शकतं.

नागपूर, शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थेत आहे

वरचं वाचून रात्री झोप लागली नाही. आम्हीही असे फोटो काढले आहेत. देणगीदार अहवाल मागतात, अहवालाला फोटो लागतात. पण मार्ग आहे. आम्ही आता मुलांचे चेहरे न दाखवता वर्गाचे, वह्यांचे, फळ्याचे फोटो देतो. एकाही देणगीदारानं नकार दिलेला नाही.

धारणीच्या दादांच्या मानधनाबद्दल. २०१३च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे. हा पैसा बहुधा मार्चअखेरच्या घाईत येतो, म्हणून वस्तू घेतल्या जातात. माणसाचं मानधन मार्चमध्ये एकदम खर्च करता येत नाही ना. पण कंपनीकडे काम 'चालू प्रकल्प' म्हणून मांडलं आणि तिच्या संचालक मंडळानं ते मान्य केलं, तर पुढची तीन वर्षं ते चालवता येतं. प्रस्ताव लिहितानाच तसा लिहायचा. आम्हाला हे कळायला पाच वर्षं लागली. दादा, मला संदेश करा.

चिमूर, निवृत्त मुख्याध्यापक

मी आणि गावातले दोन पदवीधर सकाळी साडेसहाला आठवीच्या मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बसवतो. परीक्षा सोपी नाही, बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना बसता येतं, त्यामुळे आपल्या पोरांना ही मोठी संधी आहे.

पण अवघड शिकवणं नाही, कागद आहेत. आमचा एक विद्यार्थी निवडला गेला आणि वर्षभर पैसे आले नाहीत. आधारवर वडिलांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यात दुसरं, बँकेत तिसरं. वडील घरी ज्या नावानं ओळखले जातात ते कोणीतरी कुठंतरी लिहून टाकलेलं. वडिलांची तीन दिवसांची मजुरी तहसीलच्या पायऱ्यांवर गेली. तेव्हापासून आम्ही सातवीतच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, घरोघरी जाऊन तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवतो. तो विद्यार्थी बुधवारी बाजाराच्या दिवशी येतो वडिलांबरोबर, आता आयटीआयला आहे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं हेही सांगून ठेवा, त्यात फार पोरं गळतात.

मेहकर, आईनं सांगितलं तसं लिहिते

माझी आई शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीनचतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. आईला आपण सदस्य आहोत हे सहीला रजिस्टर घरी आलं तेव्हा कळलं. दोन वर्षं ती नुसती सही करत होती. मग एका संस्थेनं तालुक्याला समितीतल्या बायकांची दोन दिवसांची बैठक घेतली. भाषणं नव्हती. शाळेचे कागद पुढ्यात ठेवून वाचून दाखवले. त्यात आईनं एक गोष्ट डोक्यात ठेवली: पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०.

आमचं किराणा दुकान आहे, वजनकाटा आईच्या हातातला. सोमवारी ती काटा ओढणीत गुंडाळून शाळेत गेली. आधी सर दचकले, मग स्वयंपाक करणाऱ्या काकू. काकूंना वाटलं आपल्यावर चोरीचा आळ येतोय. त्या रडायला लागल्या. आई चुलीपाशी त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "बाई, तुले नाही मोजत मी. डब्याले मोजतो."

काकू तेलाच्या जुन्या डब्यानं तांदूळ घ्यायच्या. दोन किलोचा डबा असं त्यांना आधीच्या बाईंनी सांगितलं होतं. काट्यावर तो १ किलो ६५० ग्रॅम भरला, तोही शीग लावून. इतकी वर्षं कोणाच्याही मनात पाप नव्हतं आणि पोरांना रोज भात कमी पडत होता. सरांनी त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं. कोठीत तांदूळ शिल्लक का राहतो, हे कोडं त्यांनाही होतं.

काटा महिनाभर शाळेतच राहिला. मग आईनं दुकानातला मोठा डबा दिला. काकूंनी त्यात तांदूळ मोजून घातला आणि जिथं बरोबर दोन किलो झाला तिथं आतून तांबड्या ऑइल पेंटनं रेघ मारली. रेघ थोडी वाकडी आहे, काकूंनी स्वतःच्या हातानं मारली आहे.