मदत हवी आहे: तयार डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा?

नमस्कार मंडळी,

घरातला डेस्कटॉप आता टेकीला आलाय. २०१४ सालचा, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, रॅम ८ जीबी डीडीआर-३ (रॅमची जुनी पिढी). मध्ये एकदा हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क) टाकली तेव्हा दोन-तीन वर्षं सुखात गेली. पण गेल्या महिन्यात एके सकाळी सुरूच होईना. कॅबिनेट उघडलं, रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, परत बसवली, झाला सुरू. तीन दिवसांनी पुन्हा तेच. खोडरबरावर किती दिवस काढणार?

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला उभं करत नाही.

माझं काम: पुस्तिकांची मांडणी, आणि गेल्या वर्षभरापासून व्हिडिओ एडिटिंग. फोनवर फोर-केमध्ये शूट केलेलं असतं. ते टाइमलाइनवर टाकलं की चित्र दर दोन सेकंदांनी अडखळतं. गेम मी खेळत नाही. भाचा आला की तो खेळेल, पण त्याच्यासाठी मशीन घ्यायचं नाहीये.

घरात दोन तट पडलेत. भाचा म्हणतो, "मावशी, स्वतः जोड. लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखं असतं." दीर म्हणतात, "ब्रँडेड घ्या वहिनी, बिघडलं तर एक फोन करायचा." दोघांनाही आपलंच खरं वाटतं. मी आजवर रॅमपलीकडे कशाला हात लावलेला नाही.

जुन्यातलं काय वापरता येईल तेही सांगा: कॅबिनेट, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), एसएसडी, मॉनिटर. बजेट मध्यम. आकडा मुद्दाम देत नाही, कारण रॅमचा भाव मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा वेगळा निघाला.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

जोडा. बिनधास्त जोडा. व्हिडिओ बघून कुणालाही जमतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अर्धंच +१. जोडणं सोपं आहे हे खरं, पण खरी मेख जोडण्यात नाहीच. मशीन बिघडल्यावर काय होतं ते ऐका.

मी चार वर्षांपूर्वी स्वतः जोडलं. पहिले दोन महिने मजेत. मग मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. कधी दिवसातून एकदा, कधी आठवडाभर काहीच नाही. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) जिथून घेतला होता ते म्हणाले रॅम बघा. रॅम जिथून घेतली ते म्हणाले एसएमपीएस कमी पडतोय. एसएमपीएस बदलून पाहिला, फरक नाही. शेवटी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. पहिली फेरी स्वच्छ गेली होती, चुका तिसऱ्या फेरीत सापडल्या. दोनातली एक रॅमपट्टी सदोष होती. बदलून मिळाली, पण तिथवर पोहोचायला मला तीन महिने लागले.

तयार मशीन असतं तर सगळा डबा उचलून त्यांच्यासमोर ठेवला असता. सुट्या भागांत वॉरंटी बहुतेक वेळा जास्त वर्षांची मिळते. बॉक्समधल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहासुद्धा. पण कोणता भाग गेलाय ते शोधायचं काम तुमचं. ते करायची हौस आणि वेळ आहे का, एवढंच स्वतःला विचारा. पैशांचा हिशोब नंतर.

प्रतिसाद ३

आता दुसऱ्या बाजूची कथा.

मी एका मोठ्या कंपनीचं तयार मशीन घेतलं होतं. दिसायला सुबक, आवाज नाही, काही नाही. दीड वर्षाने ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं. झाकण उघडलं तर एसएमपीएस १८० वॉटचा, लांबट डब्यासारखा, बाजारातल्या कुठल्याही एसएमपीएसच्या मापाचा नाही. बरं, बाहेरचा कसाबसा टेकवून बसवू म्हटलं, तर बोर्डावर एसएमपीएसची वायर लावायचं नेहमीचं २४ पिनांचं सॉकेटच नव्हतं. सहा पिनांचं काहीतरी त्यांचं स्वतःचं. मग बोर्ड बदलू म्हटलं, तर पॉवर बटणाच्या वायरी एकाच ठोकळ्यात गुंफलेल्या, दुसऱ्या बोर्डाला लागणार नाहीत. आणि बोर्ड बदलला की त्याच्यासोबत आलेलं विंडोजही गेलं, कारण ते लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. म्हणजे एक कार्ड टाकायला निघालो आणि अख्खा संगणक नवा घ्यायची वेळ आली.

सगळी तयार मशीन्स अशी नसतात. काही जण बाजारातले साधे, प्रमाणित भागच जोडून विकतात. म्हणून घ्यायच्या आधी झाकण उघडल्याचा फोटो मागा. बोर्डावर २४ पिनांचा जाडा कनेक्टर दिसला की निम्मी काळजी मिटली. मग रॅमच्या पट्ट्या मोजा. १६ जीबी लिहिलेलं असतं आणि आत एकच पट्टी निघते. एका पट्टीने रॅमचा वेग निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून जातो, आणि ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे ते चांगलंच जाणवतं. आणि जाहिरातीत प्रोसेसरचं नाव ठसठशीत पण एसएमपीएसचं नावच नाही, असं असेल तर समजून जा.

प्रतिसाद ४

ताई, मशीन कुठून घ्यायचं ते बाजूला ठेवा, तुमचं चित्र का अडखळतंय ते आधी बघू.

आजकालचे फोन फोर-के व्हिडिओ बहुतेक एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये साठवतात. फाइल लहान होते, पण उलगडायला जड. नव्या प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समध्ये ती उलगडण्यासाठी वेगळं सर्किटच असतं. इंटेलमध्ये ते सहाव्या पिढीपासून आलं, १० बिटवाल्या फाइलींसाठी सातव्यापासून. तुमची चौथी पिढी. म्हणजे सगळा भार चार कोअरवर, आणि त्यांची दमछाक होते. रॅम वाढवून हे सुटणार नाही.

आजच्या आज करण्यासारख्या दोन गोष्टी: फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ निवडा (फाइल मोठी होईल), किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी तयार करा. प्रॉक्सी म्हणजे कमी रिझोल्यूशनची हलकी प्रत. काम तिच्यावर करायचं, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलींवरूनच बनतो.

नवीन घेताना एक सापळा टाळा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यांत ग्राफिक्स नसतं. थोडे स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात. तुम्ही घेतलात तर हे एचईव्हीसीचं सर्किटही गेलं आणि वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. तुमच्या कामाला एफ नसलेला सहा कोअरच्या पुढचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, आणि एक टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, साटापेक्षा वेगवान एसएसडी) पुरे. ग्राफिक्स कार्ड सध्या नको. भाच्याला वाईट वाटेल, वाटू दे.

धागाकर्ती

प्रतिसाद ४, तुमच्या पायांचा फोटो पाठवा, नमस्कार करते. प्रॉक्सी करून बघितली आणि चित्र लोण्यासारखं सरकलं! हे मला वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आता निदान घाई नाही.

पण खोडरबराचा प्रश्न आहेच. जुन्यातलं काय ठेवू?

प्रतिसाद ४

मॉनिटर ठेवा. त्याला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना बघा. फक्त जुना निळा व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल. साटा एसएसडी ठेवा, जुन्या फाइलींसाठी उत्तम. ती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते आणि साधी एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते, म्हणून विंडोज नव्यावर टाका. रॅम बाद. डीडीआर-३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, बसणारच नाही. जोर लावून बघू नका.

एसएमपीएस अजिबात ठेवू नका. चालतोय म्हणून मोह होतो. दहा वर्षांत आतले कपॅसिटर थकलेले असतात, आणि तो जाताना एकटा जाईल याची खात्री नसते.

प्रतिसाद ५

मी असतो तर आत्ता तयार मशीनच घेतलं असतं. एरवी मीही जोडण्याच्या बाजूचा. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळतोय. सुटी रॅम घेणाऱ्याला तो भाव थेट बसतो. मोठ्या कंपन्या आधीच घाऊक करार करून बसलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या काही मशीन्समध्ये तेच भाग स्वस्तात पडतात. "स्वतः जोडलं की स्वस्त" हे वाक्य विसरा आणि दोन्हीकडची बेरीज समोरासमोर मांडा. विंडोजची किंमत जोडायला विसरू नका, ती तयार मशीनमध्ये धरलेली असते.

अवांतर: मधला रस्ता कुणी सांगितला नाही. भाग आपण निवडायचे आणि विकणाऱ्याकडूनच जोडून घ्यायचे. सगळं एकाच ठिकाणाहून घेतलं तर प्रतिसाद २ सारखी टोलवाटोलवीही बरीच कमी होते.

प्रतिसाद ६

वाखूसा (वाचनखूण साठवली). मीही याच विचारात आहे.

धागाकर्ती

उशिरा अपडेट देतेय, क्षमस्व.

दोन तयार मशीन्सचे आतले फोटो मागवले. एकाकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्याचा फोटो आला: रॅमची एक पट्टी, दुसरी जागा रिकामी, आणि बोर्डावर त्या सहा पिना. तिथेच ठरलं. सगळे भाग एकाच ठिकाणाहून घेतले, पण जोडून मात्र घेतले नाहीत. भाच्याचा चेहरा बघवेना.

काल दुपारी टेबलावरची चादर काढून टाकली, बोर्डाचं खोकं उलटं करून त्यावर बोर्ड ठेवला. प्रोसेसर बसवताना ती लोखंडी कांडी खाली दाबायची असते ना, ती दाबताना करकर आवाज आला आणि माझ्या हाताला घाम फुटला. भाचा म्हणाला, "असाच येतो." त्याला कसं माहीत कोण जाणे, त्यानेही पहिल्यांदाच केलं होतं. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं आम्ही विसरणार होतो, पण पेस्टची (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची) नळी शोधताना खोक्यावर लिहिलेलं दिसलं. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

मग बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर रॅमच्या बाजूला पिवळा दिवा. बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंद करून मी खोडरबर शोधायला उठले. मग भाच्याने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "मावशी, हात लावू नकोस, नुसती बस." बसलो दोघं, दिव्याकडे बघत. दोनेक मिनिटांनी स्क्रीनवर अक्षरं आली. डीडीआर-५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो म्हणे, आणि आम्ही दर वेळी ती अर्ध्यावर तोडत होतो.

विंडोज झालं, फोर-के थेट टाइमलाइनवर चालतंय, प्रॉक्सीशिवाय.

एकच प्रश्न. बोर्डाच्या खोक्यात तळाशी एक पातळ पत्र्याची पट्टी उरलीय, चौकोनी-गोल भोकं असलेली. ती कशाची?

प्रतिसाद २

अरेरे.

प्रतिसाद ३

ती आयओ शील्ड. कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत आतून बसवतात, यूएसबी वगैरे पोर्ट तिच्या भोकांतून बाहेर येतात. बोर्ड बसवायच्या आधी लावायची असते. म्हणजे कार्यक्रम असा: सगळ्या वायरी काढा, बोर्डाचे स्क्रू काढा, पट्टी चारी कोपऱ्यांत टक् टक् आवाज येईपर्यंत दाबा, बोर्ड परत. कूलर काढायची गरज नाही. पट्टीच्या कडा धारदार असतात, बोटं सांभाळा. आणि पत्र्याच्या लवचिक जिभा पोर्टच्या आत शिरत नाहीत ना बघा.

न लावता चालतं का, असं विचाराल तर चालतं. धूळ मात्र जाईल. पण तुम्हाला आता झोप येणार नाही.

प्रतिसाद ४

मशीन उघडताय तर एक काम आणखी. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा. नसेल तर तुमची महागाची रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालतच नाहीये. पुष्कळ जण वर्षानुवर्षं हे न बघता वापरतात.

धागाकर्ती

काढलं, लावलं, परत जोडलं. भाचा घरी गेला होता, एकटीने केलं. पाऊण तास. एक्सएमपी बंदच होतं, चालू केलं, या वेळी काळ्या स्क्रीनकडे शांतपणे बघत बसले.

आता सगळं चालतंय, फक्त पुढचा पॉवरचा दिवा पेटत नाही. काल पेटत होता. बटण मात्र काम करतं.

प्रतिसाद ३

त्या दिव्याच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. अदलाबदल करा. बटणाच्या कशाही लावल्या तरी चालतात, एलईडीला प्लस-मायनस असतं.

धागाकर्ती

पेटला.