मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याची छोटी टाकी, मासे मजेत पण शंख-कोळंब्या टिकत नाहीत

मीठभाकर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्यांवर इथे बरंच वाचायला मिळालं, खाऱ्यावर फारसं सापडलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

राहते ठाण्यात. टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंमी. दगड आणि वाळू धरून आत पाणी साधारण ५५ लिटर. टाकी लावून १० महिने झाले. दोन क्लाउनफिश आहेत (दुकानदाराच्या भाषेत ‘निमो’). तापमान २६, सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट १०च्या आसपास. पाणी थंड ठेवणारा चिलर परवडत नाही, त्यामुळे पाण्यावर पंखा लावलाय. त्यानं रोज सव्वा लिटर तरी पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची, एवढं मला पाठ आहे. घरच्या आरओचंच पाणी घालते.

आता रडगाणं. सुरुवातीला ४ ट्रोकस शंख आणले होते. सहा-सात महिने झकास, काच चाटूनपुसून लख्ख. जुलैत एक उलटा पडलेला दिसला. सरळ केला, तासाभरात परत तसाच. दुसऱ्या दिवशी वास. (मेलेल्या शंखाचा वास ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.) आठवड्याभरात दुसरा गेला, आणि दोन दिवसांनी बघते तर निळ्या पायांचा हर्मिट खेकडा त्याच्याच शंखात ऐटीत बसलेला. तेव्हापासून माझा संशय त्याच्यावर.

ऑगस्टमध्ये एक क्लीनर कोळंबी आणली, लाल पाठीवर पांढरा पट्टा असते ती. हात आत घातला की येऊन नखं साफ करायची. आठवड्यानं पंपामागे पांढरीफटक, निपचित दिसली. मुलानं भोकाड पसरलं. जाळीनं काढली तर आत काहीच नाही, मिशांसकट अख्खं रिकामं कवच! कोळंबी दगडाखाली लपलेली, कात टाकून. पुढच्या खेपेला मात्र कात अर्धीच निघाली आणि ती खरोखर गेली. त्याच्या दोनच दिवस आधी आम्ही गणपतीहून, पाच दिवस गावी राहून परतलो होतो. पाणी चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. शेजारच्या काकूंना फक्त खाणं टाकायला सांगितलं होतं. मी आल्या आल्या बादलीनं भरून टाकलं.

प्रश्न असा की माझ्या टाकीत एकमेकांना न खाणारे कोणते प्राणी ठेवता येतील? दुकानदारानं सुचवलेले : चॉकलेट चिप तारामासा, वाळू चाळणारा तारामासा, बँडेड कोळंबी, निमोसाठी ॲनिमोनी (समुद्रफूल), आणि एक पिवळी समुद्रकाकडी. प्रत्येकाला त्याचं एकच उत्तर, ‘चालतं मॅडम’. हर्मिट काढून टाकू का?

डोंबिवली लोकल

ताई, हर्मिटला फाशी देऊ नका. शंखासाठी ते खून करतात हे खरं, पण उलटा पडून सरळ न होणारा ट्रोकस आधीच आजारी असतो. ॲस्ट्रिया जातीचा असता तर समजलो असतो, त्याला उलटं पडलं की सरळ होताच येत नाही. ट्रोकसला येतं. तुमच्या हर्मिटनं बहुतेक मयताचं घर घेतलं. त्याच्या आत्ताच्या शंखाहून थोडे मोठे असे चार-पाच रिकामे शंख टाकून ठेवा, म्हणजे जिवंतांवर डोळा राहणार नाही.

बादलीबद्दल मात्र बोलतो. तुमच्या टाकीत पाणी १ सेंमी उतरलं म्हणजे १.८ लिटर गेलं. पाच दिवसांत सहा लिटर, म्हणजे १.०२५ची १.०२८ झाली असणार. ती हळूहळू चढली होती, तुम्ही दोन मिनिटांत उतरवलीत. माशांनी सोसलं. कोळंबीला असे झटके सोसत नाहीत, त्यात कात टाकायची वेळ. काचेवर चिकटपट्टीनं पातळीची खूण करा आणि रोज भरा. राहिलं असेल तर एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर नको, मध्ये काही तास जाऊ द्या.

दुकानदाराच्या यादीतलं काहीच घेऊ नका. चॉकलेट चिप तुमचे उरलेले शंख खाईल. वाळू चाळणारा दिसतो छान, पण वाळूतले बारीक जीव संपले की तो उपाशी मरतो, आणि एवढ्याशा वाळूत ते लवकर संपतात. वाळूत गाडलेला असल्यानं मेलेला कळतही नाही. बँडेड कोळंबी दुसऱ्या कोळंबीला नांदू देत नाही. ॲनिमोनी चालत फिरते, पंपात अडकली की तिचा कीस होतो आणि सोबत टाकीचाही निकाल. क्लाउनफिशला तिच्यावाचून काही अडत नाही. समुद्रकाकडी तर २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, प्रवाळांसारखीच. ती विकणाऱ्या दुकानातून मी मीठसुद्धा घेणार नाही.

खाजणातला बगळा

वरचं सगळं बरोबर. पण बादलीचा प्रकार सप्टेंबरातला आणि शंख गेले जुलैत, ते कसं बसवायचं? मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे तेवढे एकेक करून जाताहेत, हे ऐकलं की मी पहिला प्रश्न तांब्याचा विचारतो. टाकी सेकंडहँड आहे का? आधीच्या मालकानं माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं असेल तर ते दगडात आणि वाळूत मुरून बसतं.

आणि दुसरं, तुमच्या आरओला ते ‘कॉपर’वालं काडतूस आहे का? हल्ली बऱ्याच घरगुती मशिनांत असतं. आपल्याला पाण्यात तांबं चांगलं म्हणून विकतात, कोळंबी-शंखाला ते फार थोड्यातही विष. रोज सव्वा लिटर घालताय. पाणी उडतं, तांबं टाकीतच साठत जातं.

मीठभाकर

टाकी नवीच आहे. पण बगळेदादा, तुमचं वाचून स्वयंपाकघरात गेले, आरओचं झाकण उघडलं. तिसऱ्या नळकांड्यावर चक्क तांब्याच्या रंगाचं स्टिकर. जूनमध्ये सर्व्हिसिंगला आलेल्या मुलानं ‘अपग्रेड’ म्हणून बसवलंय, बिलात ओळही आहे. जूनमध्ये! आज त्याला फोन करून काढायला सांगितलं तर म्हणतो, ‘मॅडम, कॉपर तर आरोग्याला चांगलं.’ कोणाच्या आरोग्याला हे त्याला काय सांगणार? टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजला तो ७० निघाला, तोही मला शून्याजवळ असेल असं वाटत होतं.

खाजणातला बगळा

७० म्हणजे चव यावी म्हणून थोडं पाणी मेम्ब्रेनला (आरओच्या गाळणपडद्याला) वळसा घालून सोडलंय. टाकीला ते पाणी नकोच. डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारं) लावलेला छोटा वेगळा आरओ घ्या, नाहीतर तोवर डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणा. तांब्याची टेस्ट किट आणून आकडा बघा, पण ती शून्य दाखवते म्हणून निर्धास्त होऊ नका, साध्या किटला कोळंबीला बाधणारं प्रमाण कधीकधी दिसतच नाही. दर आठवड्याला १० लिटर पाणी बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं शोषणारं रेझिन टाका. दीड-दोन महिने एकही नवा जीव नको. ‘एक शंख टाकून बघू जगतो का’ हेही करू नका.

कोळीवाडा एक्स्प्रेस

एवढा खटाटोप कशाला, समुद्र दारात आहे की. कॅन भरून आणायचे.

डोंबिवली लोकल

@कोळीवाडा, ठाण्याच्या दारात खाडी आहे, समुद्र नाही. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी किती पातळ होतं ते सॅलिनिटी मोजून बघा एकदा. सोबत शहराचं काय काय येतं ते वेगळंच.

ताई, दोन महिन्यांनंतरची यादी देऊन ठेवतो : ट्रोकस २, नॅसेरियस शंख ३, बस. नॅसेरियस वाळूत पुरलेले असतात, खाणं पडलं की मिनिटभरात सोंड वर काढून उगवतात. मुलाला तारामाशापेक्षा जास्त आवडतील. ट्रोकसला शेवाळ कमी पडलं तर सुशीला वापरतात तो नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून ठेवा. ते महिनाभर टिकले की एक क्लीनर कोळंबी. आणताना थेंबथेंब पाणी मिसळत तास-दीड तास द्या. लक्षद्वीपला अगत्ती बेटावर एनबीएफजीआर या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेच्या प्रकल्पात तिथल्या बायका शोभेच्या कोळंब्या पैदा करतात. तसा पैदाशीचा माल मिळाला तर समुद्रातून धरून आणलेल्यापेक्षा तोच घ्या.

मीठभाकर

धन्यवाद दोघांनाही. डिस्टिल्डचे दोन कॅन आणले, चिकटपट्टी लावली, पहिले १० लिटर काल बदलले. उरलेल्या दोन ट्रोकसपैकी एक आज काचेवर अर्ध्यापर्यंत चढलाय, दुसरा अजून कोपऱ्यात तोंड मिटून. हर्मिटसाठी मुलानं त्याच्या शिंपल्यांच्या डब्यातून पाच रिकामे शंख निवडून, गरम पाण्यात उकळून ठेवलेत. किट मिळाली की आकडा इथेच टाकते.