वरच्या मजल्यावरचा मार: १०९८ फिरवावा का?

खिडकीपलीकडे:
आमच्या वर एक बाई आणि तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा राहतात. नवरा दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. बाई दिवसा कॅन्टीनमध्ये, संध्याकाळी दोन घरी पोळ्यांना. रात्री साडेनऊच्या सुमारास मार सुरू होतो. चापट नाही, लाटणं. परवा मुलगा लिफ्टमध्ये भेटला, दंडावर वळ. "पडलो," म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करावा म्हणते, तर घरचे म्हणतात नसत्या उठाठेवी करू नकोस. तुम्ही काय केलं असतं?

बारा_मैल:
घरचे बरोबर म्हणतात. आईने उलथन्याने, वडिलांनी पट्ट्याने मारलं मला. आज बँकेत आहे, कुणाचा पैसा बुडवलेला नाही. एकटी बाई राब राब राबते, तिच्यामागे सरकार लावायचं? उद्या पोरगं उचलून निरीक्षणगृहात टाकलं की तुम्हाला झोप लागेल. त्याचं काय?

माजी_मुख्यसेविका:
आधी दुरुस्ती. निरीक्षणगृह विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी असतं. हे मूल गेलंच तर बालगृहात जाईल, आणि तेही सहजासहजी नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलाय. फोन गेला की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून कुणीतरी घरी येतं, शाळेत विचारतं, अहवाल बालकल्याण समितीपुढे जातो. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत आईला समज आणि समुपदेशन मिळून मूल घरीच राहिलं. कलम ७५ खाली क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही खरं. पण मला वेगळंच विचारायचंय. एकल पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये आहेत. या बाईला कुणी सांगितलंय का?

आडवा_प्रश्न:
बाई, कागदावर सगळंच छान असतं. माझ्या बहिणीने हाच अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, बँकेचं पासबुक, मग "साहेब मीटिंगला गेलेत". अकरा महिने एक रुपया नाही. आणि १०९८ म्हणाल तर १९९६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेली ही सेवा. पुढे गावोगावच्या संस्थांची माणसं फोनवर असायची, वस्तीतली बोली बोलायची. २०२३ पासून ती सरकारने आपल्याकडे घेतली, ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली. ११२ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोलीसच येतात. दारात खाकी आली की सोसायटीत ती बाई संपली. घरमालक महिन्याभरात खोली खाली करायला सांगेल. मग कोण मारतंय कुणाला?

स्टावांगरकर:
नॉर्वेतून लिहितेय. इथे १९८७ पासून आईबापांनी मारणं कायद्याने बंद. २०११ मध्ये आमच्याच शहरातल्या एका भारतीय जोडप्याची दोन्ही मुलं काढून घेतली गेली. २०१२ मध्ये ती भारतात काकांकडे गेली, २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आईकडे दिली. नंतर एका वेगळ्या प्रकरणात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०१९ मध्ये नॉर्वेला चुकीचं ठरवलं. त्यामुळे बारा मैल यांची भीती मला कळते, बालवाडीत लेकाला सोडताना माझ्याही पोटात गोळा यायचा. पण इथे बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला घरी येणारी मदतच येते, हे बातमीत येत नाही. तुमच्याकडे तर कुणी दारापर्यंत फिरकलं तरी पुष्कळ.

बारा_मैल:
पट्ट्याचं लिहिलं, भावाचं लिहायचं राहिलं. तोच पट्टा खाऊन तो पंधराव्या वर्षी घरातून गेला. वडिलांच्या तेराव्याला आला, पंगतीला बसला नाही. ते असो. तरी माझं मत तेच. आधी दार वाजवा, बाईशी बोला. फोन नंतर.

माजी_मुख्यसेविका:
दार वाजवायला माझी ना नाही. फक्त "आम्हाला मारलं, बिघडलं काय" हे आता पुन्हा म्हणू नका, भावाचं सांगून झाल्यावर. आणि एक सांगून ठेवते: लैंगिक प्रकाराचा संशय असता तर आधी-नंतर काही नाही. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आडवा_प्रश्न:
त्याबद्दल वादच नाही. पण इथे हातात लाटणं आहे आणि पोटात भूक आहे. बाईला रात्रीचे दोन तास उसंत मिळाली तर अर्धा मार थांबेल. ती उसंत देणारा कुठला नंबर आहे, तो सांगा.

खिडकीपलीकडे:
काल साडेनऊला विरजण मागायला वर गेले. विरजण घरात होतं. दार उघडलं तर पोळ्याच लाटत होती, आणि मुलगा भिंतीशी पाढे घेऊन बसलेला. "आठ ते दहा याला आमच्याकडे पाठव, माझ्या मुलीबरोबर अभ्यास करेल," म्हटलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मला तिचा राग आला नाही, याचाच राग आला.

फोन मी तरीही आज सकाळी केला. माझं नाव कुठे येऊ देऊ नका म्हणून सांगितलं. वळ फिके पडायच्या आत कुणीतरी बघायला हवं होतं. बारा मैल, तुम्हाला पटणार नाही. बाई, तो बालसंगोपनाचा अर्ज कुठे द्यायचा?

माजी_मुख्यसेविका:
जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आडवा_प्रश्न:
आणि दाखले आधी काढून ठेवा, तिथेच महिना जातो. झेरॉक्सचे तीन संच करा. बहिणीचा एक हरवला होता त्यांच्याकडून.