तास मोजून काय कळणार?

रोज दोन तासांच्या वर व्हिडिओ गेम खेळला की मुलगा व्यसनी समजा, असं म्हणतात ते पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत (२०२२ पासून लागू) गेमिंगचा विकार आहे खरा, पण त्याच्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, हे पाहतात. म्हणजे रविवारी चार तास खेळून सोमवारी वेळेवर कॉलेजला जाणारा त्यात बसत नाही.

मी मात्र बसलो असतो बहुधा. कॉलेजात असताना ‘एज ऑफ एम्पायर्स’ या लढायांच्या कॉम्प्युटर गेमचं वेड लागलं होतं. थंडीत मित्र रात्री इंदूरच्या सराफ्यात (रात्री तिथे खाऊगल्ली भरते) गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, खायला हाका मारायचे आणि मी ‘एवढी एक लढाई संपवतो’ म्हणत बसून राहायचो. एका सेमिस्टरला दोन विषय राहिले, त्याचं घरी कोणाला फारसं वाटलं नाही (आमच्याकडे तशी परंपरा आहे). पण इंदूरचा पोरगा गराडूला नाही म्हणतो म्हटल्यावर आईने कॉम्प्युटरची वायरच काढून कपाटात ठेवली.